दोष जमिनीचा की बियाण्याचा?



पेरलेले उगवले नाही, तर आपण एकट्या जमिनीला बोल लावत नाही. बियाण्याची उगवण पाहतो, ओल पाहतो, पेरणीची वेळ साधली होती का तेही पाहतो. घरात मात्र लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही, की सगळी बोटे सुनेकडे वळतात. उपास, नवस, अंगारे तिलाच, तपासणीही तिचीच. मुलाला दवाखान्याची पायरी चढ म्हणून कोणी सांगत नाही. वास्तविक, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते. कधी एकटे, कधी स्त्रीकडच्या कारणाबरोबर.

दोघांनाही हुकूम तोच

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. ती रक्तात दोन संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, सोडते: एफ.एस.एच. आणि एल.एच. दोन्ही प्रथिनांची बनलेली. स्त्रीच्या शरीरात पहिले संप्रेरक बीजकोशातले बीज वाढवते आणि दुसरे ते पक्व बीज बाहेर सोडवते. पुरुषातही हीच दोन काम करतात. एल.एच.मुळे वृषणात पुरुषी संप्रेरक तयार होते आणि एफ.एस.एच. शुक्रजंतू तयार होण्यास मदत करते. आपली गाय माजावर येते, त्यामागेही हीच व्यवस्था असते. आणि एक ध्यानात ठेवा: माणसात बी एकट्या पुरुषाचे नसते, दोघांचेही असते.

गर्भ राहिला की एच.सी.जी. नावाचे तिसरे संप्रेरक सुरू होते. ते वारेतून येते आणि सुरुवातीचे आठ-दहा आठवडे गर्भ टिकवायला मदत करते. आशाताईंकडच्या ‘निश्चय’ पट्टीवर लघवीचे थेंब टाकून दिवस गेले की नाही ते कळते, ते या एच.सी.जी.मुळेच.

औषध आले कोठून?

पाळी कायमची थांबल्यावर बीजकोश हुकूम ऐकत नाही. शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही म्हणून पाटकऱ्याने दार आणखी उचलावे, तशी ग्रंथी मग जास्तच संप्रेरक सोडते आणि ते लघवीतून बाहेर पडते. १९५० च्या दशकात इटलीत वृद्ध जोगिणींची लघवी गोळा करून त्यातून औषध काढले गेले. त्या औषधाने १९६२ मध्ये इस्रायलमध्ये पहिले बाळ जन्मले. आपल्याकडे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांनी टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगात असेच इंजेक्शन वापरले; ते बाळ ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मले. १९९० च्या दशकापासून हे औषध कारखान्यात पेशी वाढवूनही तयार होते.

काय करावे, काय टाळावे

ही संप्रेरके प्रथिने असल्याने पोटात गेली की अन्नासारखी पचून जातात. म्हणून ती इंजेक्शननेच द्यावी लागतात. त्यांचे काम करील असे चूर्ण वा काढा नाही. त्यापायी पैसे घालवू नका. इंजेक्शनही तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. मात्रा चुकली तर जुळी-तिळी राहू शकतात, बीजकोश सुजतात. पोट फुगले, दम लागला, तर लगेच रुग्णालय गाठावे.

तरुणांनाही सांगणे आहे. तालमीत वा जिममध्ये अंग भरावे म्हणून पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने घेऊ नका. बाहेरून माल आला की पिट्युटरी आपला हुकूम थांबवते आणि शुक्रजंतू कमी होतात, कधी संपतातही. ते पुन्हा तयार व्हायला महिनोन्महिने लागू शकतात.

पुष्कळांचे कोणी ना कोणी मुंबईत चारकोपला असते. कांदिवली पश्चिमेच्या या जुन्या गावालगत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने लहान भूखंड दिले आणि मोठी वसाहत उभी राहिली. सुनेला एकटीला अशा नातलगांकडे ‘दाखवायला’ धाडायची रीत आहे. तसे करू नका. नवरा-बायको दोघे जा. कांदिवलीहून लोकलने दादर गाठले की परळचे महापालिकेचे के.ई.एम. रुग्णालय लांब नाही.

लग्नानंतर वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. बायकोचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिनेच थांबावे. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी, बिनदुखण्याची आणि कमी खर्चाची असते. म्हणून ती सुरुवातीलाच व्हावी. मुलाच्या आईने हे स्वतः मुलाला सांगितले, तर सुनेचे निम्मे दुखणे तिथेच हलके होईल.