आधी पोस्टकार्ड, मग पापड



आज आपण पोस्टकार्डाबद्दल बोलणार आहोत. हो, तेच, पोस्टात ५० पैशांना मिळतं ते. “मोबाईलच्या काळात पोस्टकार्ड कशाला, ताई?” असं तुमच्यातल्या काही जणी म्हणतील. त्याचं उत्तर देते, पण आधी आपल्या गटांचं एक दुखणं बघू.

उन्हाळा आला की आपण पापड, कुरडया, सांडगे करायला बसतो. गटाच्या कर्जातून डाळ येते, दहा हात राबतात, डबे भरतात. मग आपण गिऱ्हाईक शोधायला निघतो. थोडा माल गावात जातो, थोडा आठवडे बाजारात, थोडा प्रदर्शनात. उरलेला घरात. ज्येष्ठ लागला की हवा दमट होते आणि पापड नरम पडायची धास्ती वाटते. बँकेचा हप्ता तर थांबत नाही. अशा वेळी व्यापारी येतो आणि म्हणेल त्या भावाने माल उचलतो. आपली घाई त्याला बरोबर कळलेली असते. खोट आपल्या पापडात नसते. हातात मागणी नसते, म्हणून भाव तो ठरवतो.

हे चक्र उलटं फिरवायचं. आधी मागणी घ्यायची, मग डाळ भिजवायची. आणि मागणी घ्यायची ती कुणाकडून? ज्या बाईने आपला पापड एकदा खाल्लाय, तिच्याकडून. नव्या गिऱ्हाइकाला चव सांगावी लागते, जुन्याला फक्त आठवण द्यावी लागते. बोलणाऱ्याच्या एरंड्याही विकल्या जातात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं जुनी माणसं उगाच म्हणत नाहीत.

पहिलं काम वहीचं. गटाच्या हिशोबाच्या वहीशेजारी एक गिऱ्हाइकांची वही ठेवा. त्यात नाव, पूर्ण पत्ता, सहा आकडी पिनकोड, फोन, काय नेलं, किती नेलं आणि कधी नेलं, एवढं लिहा. पुढे एक रकाना सोडा, त्यात ती काय म्हणाली ते लिहा: “तिखट कमी हवं”, “लहान आकाराचे द्या”. प्रदर्शनात माल बांधून देताना विचारा, “ताई, पुढच्या हंगामात कळवू का? पत्ता द्याल?” ज्या देतील त्यांचाच घ्या. गावातून बदलून गेलेल्या शिक्षिका, पुण्या-मुंबईला राहणाऱ्या आपल्याच लेकीसुना, सुट्टीत आलेल्या पाहुण्या, यांचे पत्तेही मिळतात. ५०-६० पत्ते झाले की सुरुवात करायला पुष्कळ.

दुसरं काम वेळेचं. रथसप्तमीला हळदीकुंकू संपतात. त्याच आठवड्यात कार्डं लिहा आणि होळीपर्यंत मागणी घ्या. म्हणजे कामाला बसण्याआधी किती किलो करायचे ते कळेल. दिवाळीच्या फराळासाठी पितृपंधरवड्यात कार्डं लिहून ठेवा, घटस्थापनेला पेटीत टाका आणि कोजागिरीपर्यंत मागणी घ्या. कार्ड पोचायला काही दिवस लागतात, ते धरूनच तारीख ठरवा.

तिसरं काम मजकुराचं. एका कार्डावर एकच वस्तू, फार तर दोन. सगळी यादी लिहिली की वाचणारीचं कशावरच मन बसत नाही. “उत्कृष्ट”, “दर्जेदार” असले शब्द सगळेच लिहितात. त्याऐवजी तिने काय नेलं होतं ते लिहा. समजा, असं:

“ताई, स. न. वि. वि. मागच्या उन्हाळ्यात प्रदर्शनात आपण आमच्या गटाचे २ किलो उडदाचे पापड नेले होते. आपण कमी तिखट हवे म्हणाला होता. यंदा तसे वेगळे करणार आहोत. भाव किलोला ३०० रुपये, पाठवण्याचा खर्च वेगळा. होळीपर्यंत कळवलंत तर आपल्या नावाने करून ठेवू. फोन दुपारी २ ते ५ या वेळेत करावा.”

खाली गटाचं नाव, गाव, फोन आणि फोन घेणाऱ्या ताईंचं नाव. एवढंच. भाव, वजन, शेवटची तारीख आणि फोन या चार गोष्टी नसतील तर कार्ड टाकू नका. कामाच्या रगाड्यात फोन उचलायचा राहतो, म्हणून गटातली एकच बाई आणि एकच वेळ ठरवून घ्या.

आता पोस्टाच्या दोन गोष्टी. ५० पैशांचा दर हाताने लिहिलेल्या कार्डाला आहे. मजकूर छापून घेतलात तर ते छापील पोस्टकार्ड धरतात आणि त्याला ६ रुपये पडतात. म्हणून हातानेच लिहा. ज्यांचं अक्षर सुवाच्य आहे त्या चौघी बसल्या तर ६० कार्डं एका दुपारी होतात. पत्त्याच्या बाजूला उजवा अर्धा भाग पत्त्यासाठी मोकळा ठेवा.

दुसरी गोष्ट, पोस्टकार्ड उघडं असतं. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचू शकतं. त्यावर उधारी, थकबाकी कधीही लिहू नका. ते फोनवर, एकट्यात बोलायचं. गिऱ्हाइकाची अब्रू जपली तर ते टिकतं.

आता मोबाईलचं. व्हॉट्सअॅप जरूर वापरा. फोटो पाठवायला, पैसे आले का बघायला ते सोयीचंच आहे. पण तिथे आपला निरोप शंभर निरोपांखाली जातो. हाताने लिहिलेलं, आपल्या नावाचं कार्ड सहसा कुणी लगेच टाकत नाही. ते स्वयंपाकघरात डब्याला टेकून राहतं आणि सासूबाईही वाचतात. म्हणून आठवण कार्डाने द्या, मागणी फोनवर घ्या.

हिशोबही करून बघू. ६० कार्डांना ३० रुपये. समजा, त्यातल्या १२ जणींनी २-२ किलो मागवले, तर २४ किलो झाले. व्यापारी २२० ने मागतो आणि आपला भाव ३०० असेल, तर किलोमागे ८० प्रमाणे १,९२० रुपये जास्त आले. कार्डं, पिशव्या, खोकी यांचा खर्च वजा केला तरी चांगली रक्कम उरते. उरलेल्या मालासाठी व्यापारी आला तरी आता आपल्याला तेवढी घाई नसते.

माल पाठवताना खोकं भरून आधी पोस्टात वजन करून घ्या, खर्च विचारा आणि तो गिऱ्हाइकाला फोनवर सांगा. जवळच्या शहरात एसटीच्या पार्सलने जमतं का तेही बघा. पाकिटावर वजन, बनवल्याची तारीख, गटाचं नाव-पत्ता आणि अन्न नोंदणीचा क्रमांक हवाच. माल पोचल्यावर आठवड्याने विचारा, “पोचले का? तळून बघितले का?” तक्रार आली तर वाद न घालता वहीत लिहा. आणि ज्या तारखेला द्यायचं कबूल केलं, त्या तारखेला द्या. कार्ड गिऱ्हाइकाला परत आणतं, पण खवट पापड कितीही गोड अक्षराने खपत नाही.

हंगाम संपला की वही उघडून बघा. किती कार्डं गेली, किती मागण्या आल्या, कुणी नवी ओळख जोडून दिली, ते मोजा. लागोपाठ दोन वर्षं ज्या काहीच कळवत नाहीत त्यांची नावं बाजूला काढा आणि त्यांच्या जागी नवी लिहा.

येत्या बैठकीत बचतीची रक्कम गोळा झाली की हा विषय काढा. वही कोण लिहील, फोन कोण घेईल, अक्षर कुणाचं चांगलं, एवढं ठरवा. सुरुवातीला १० पत्ते मिळाले तरी चालतील. ५ रुपयांची कार्डं आणून कामाला लागा.