‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ : कुणाचे नशीब, कुणाचा धंदा?

इंग्रजीचे एक अक्षर न शिकलेल्या माणसालाही ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ हे शब्द आज ओळखीचे झाले आहेत. परीक्षेत नापास झालेल्या मुलाची किंवा सामना हरलेल्या संघाची समजूत काढताना ते वापरतात. ‘या खेपेला जमले नाही, पुढच्या खेपेला नशीब साथ देवो’ हा त्यांचा सरळ अर्थ. त्यात गैर काही नाही. परंतु हेच शब्द दुकानाच्या बक्षीस कूपनावर छापले की अर्थ फिरतो. तेथे ती समजूत राहत नाही, पुन्हा खरेदीला या, असे बोलावणे होते.

आमचाच अनुभव सांगतो. बेलापुरातील आमच्या कापड दुकानात एका ईदला आम्ही अशी योजना काढली होती. ५०० रुपयांच्या खरेदीवर एक कूपन. शेतमजुरी करणाऱ्या एका बाईंची खरेदी ३८० रुपयांची झाली. कूपनासाठी म्हणून त्यांनी १२० रुपयांची चादर उधारीवर घेतली. कूपन खरडले, आत इंग्रजी अक्षरे.

“शेठ, काय निघालं?”

आम्ही अर्थ सांगितला.

“म्हंजे पुढच्या टायमाला निघंल ना?”

आम्ही गप्प राहिलो. आठ दिवसांनी त्या पुन्हा आल्या, आणि त्याही वेळी उधारीवरच माल नेला.

उर्दू शाळेत आम्ही नशिबाचे जे शब्द शिकलो ते मूळ अरबी. ‘नसीब’ म्हणजे वाटा, ‘किस्मत’ म्हणजे वाटणी, ‘तकदीर’ म्हणजे ठरवून दिलेले माप. तिन्ही शब्दांमागे देणारा कुणीतरी आहे. ‘लक’मागे तसा कुणी नाही. हा शब्द सुमारे पंधराव्या शतकात हॉलंड व उत्तर जर्मनीकडील भाषांतून इंग्रजीत आला, आणि बहुधा जुगाराच्या खेळातून आला, असे भाषातज्ज्ञ मानतात. म्हणजे कूपनावर बसलेला हा शब्द आपल्या जुन्याच घरी परतला म्हणायचे!

आता हिशेब पाहू. ४०० कूपने म्हणजे २ लाखांची विक्री. बक्षिसे १० हजारांची. हा खर्च मालाच्या भावात चढवला, तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशातून २५ रुपये जातात आणि ते चार-पाच जणांच्या घरी पोहोचतात. सर्वांनी घालायचे आणि मोजक्यांनी न्यायचे, हाच जुगाराचा पाया. कुरआनच्या सूरह माइदामधील ९०व्या आयतीत दारूबरोबर जुगारापासूनही दूर राहण्याची ताकीद आहे. भाव न वाढवता, गरजेच्याच खरेदीवर दुकानदाराने खुशीने बक्षीस दिले तर ते अनेक उलेमांनी जायज मानले आहे. परंतु आपली योजना त्यात बसते का, हे ज्याने त्याने मसला विचारून ठरवावे.

कायद्याचेही भान हवे. दरमहा हप्ता घ्यायचा, सोडतीत नाव निघेल त्याला साडी द्यायची व पुढचे हप्ते माफ करायचे, अशा ‘लकी’ योजनांवर १९७८च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. नेहमीच्या भिशीत प्रत्येकाला आपली रक्कम पाळीने मिळते, ती गोष्ट वेगळी. विक्री वाढविण्यासाठी घेतलेली लॉटरी, नियमांनी मोकळीक दिलेली नसेल तर, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

आज मोबाइलवरून पैसे दिले की पडद्यावरही खरडायचे कार्ड येते आणि त्यावर हेच शब्द असतात. मोठ्या कंपन्या करतात म्हणून आपणही करावे, असे नव्हे.

आम्ही ती योजना पुन्हा काढली नाही. तेच २५ रुपये आता ५०० च्या प्रत्येक बिलातून वजा करतो. गर्दी थोडी कमी होते, पण उधारीही कमी होते. व्यापारी बांधवांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या वहीत मांडून पाहावा. गिऱ्हाइकाला त्याचा वाटा आजच देता येत असेल, तर ‘नेक्स्ट टाइम’चा वायदा कशाला?