मोरीचं पाणी



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडव्याचे पाचट, हुमणीचा बंदोबस्त असे लिहितो. या खेपेस वेगळे लिहीत आहे, कारण माझ्या हातून एक चूक झाली.

आपले कितीतरी सभासद उजनीचे धरणग्रस्त. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर, करमाळा, माढा, कर्जत या तालुक्यांतली गावे पाण्याखाली गेली. एका आळीतली माणसे चार गावठाणांत पांगली. आज आपला ऊस त्याच पाण्यावर उभा आहे, हेही खरेच.

धरणात ११७ टीएमसी पाणी मावते, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्यामुळे साठा 'उणे'त गेला तरी जुनी गावे लगेच दिसत नाहीत. पाणी फारच हटले की जोती उघडी पडतात. पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर तेव्हाच पुरे दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात तसे झाले. आमच्या गटातले एक आबा म्हणाले, "साहेब, गाडी काढा. घर बघून येऊ."

गेलो. चिखलाला हातहातभर भेगा, मधे दगडी जोती, एक फुटके उखळ. आबांनी पावले मोजून आपला उंबरा बरोबर काढला. तेवढ्यात पलीकडून दुसरे म्हातारे काठी टेकत आले. हे तात्या, आबांचे भिंतीला भिंत लागून शेजारी, आता आमच्याच दुसऱ्या गटात राहतात. तात्यांनी रामराम केला नाही की ख्यालीखुशाली विचारली नाही. एकदम म्हणाले, "तुझ्या मोरीचं पाणी माझ्या दारात येतं म्हणून आपण किती वर्षं भांडलो रं?"

"नऊ," आबा म्हणाले. "पंचापर्यंत गेलास तू."

"आणि सरकारनं दोघांच्या आढ्यावरनं पाणी नेलं!"

दोघेही त्या जोत्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग कोण कोण गेले त्याची उजळणी झाली. न्हाव्याची म्हातारी गेली, तालमीतला थोरला गेला. प्रत्येक नावाला आधी "अरारा", आणि लगेच त्या माणसाची एक खोडी. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. हे असे दुखवटे मी पूर्वी पाहिले नव्हते.

त्याच वर्षी आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना आबा वारले. मी मातीला हजर होतो. घरच्यांनी तात्यांकडे फोन लावला, पण मुलाचा नंबर जुना, बंद पडलेला. चार दिवसांनी मी तात्यांच्या रानात गेलो. सरीचे अंतर बघितले, नोंद केली, आणि निघताना सहज म्हणालो, "आबा गेले, कळलं असेलच."

तात्या बांधावर खालीच बसले. "चार दिस झालं? आणि तुम्ही आधी सऱ्या मोजल्या?"

मला उत्तर सुचले नाही. अजूनही नाही. आमच्या वहीत गट नंबर, क्षेत्र, ऊसजात, लागणीची तारीख सारे असते. कोण कुणाचा शेजारी, हा रकानाच नाही.

दहाव्याला तात्यांना मीच गाडीवर घेऊन गेलो. घाटावरून घरी आल्यावर ते आबांच्या कारभारणीपुढे बसले. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वैनी, आता मोरीवरनं भांडायचं कुणाशी?"

म्हातारी पदर डोळ्याला लावून होती. तशीच म्हणाली, "थोरला हाय की. बापावरच गेलाय." सुतकाच्या घरात हशा झाला, आणि त्यानंतरच ती माउली मोकळेपणाने रडली.

परतताना तात्यांनी मला त्यांच्या आळीतली एकवीस घरे ओळीने सांगितली. ती मी नोंदवहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली आहेत. त्यातल्या चौदा घरांचा आजचा ठावठिकाणा लागला, सात राहिलीत. आपल्यापैकी कुणाला आपल्या जुन्या आळीची अशी यादी द्यायची असेल तर गटाच्या चिटबॉयकडे सांगावी. फोन नंबर बदलला असेल तर तोही सांगावा. लागणीची नोंद मागाहून केली तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी