लसूणघासातून माणसांसाठी प्रोटीन: मशीन घ्यावं का?



गेल्या आठवड्यात तिघांनी एकच व्हिडिओ पाठवून विचारलं, "घासाच्या पानातून खायचं प्रोटीन निघतं म्हणतात, खरं का? मशीन घ्यावं का?" निघतं, हे खरं. मशीनचं पुढे सांगतो.

हे काही नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाईच्या भीतीने इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला एन. डब्ल्यू. पिरी यांनी यावर काम सुरू केलं. पुढे आपल्या औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठातही लसूणघासावर संशोधन झालं.

पद्धत पनीरसारखीच. फुलावर येण्याआधीचा घास कापा आणि लगेच कामाला लागा, सुकला की रस कमी निघतो. अमरवेल, गाजर गवत निवडून काढा. धुवून, थोडं पाणी घालून मिक्सरला लगदा करा, फडक्यातून पिळा. रस मोठ्या आचेवर पटकन उकळा, मंद आचेवर ठेवू नका. हिरवा साका वर येतो, तो गाळून दाबून घ्या. १० किलो घासाला जेमतेम अर्धा किलो ओला गोळा मिळतो. वाळवला तर त्याच्याही निम्म्याहून कमी. उरलेलं तपकिरी पाणी पिऊ नका, गार करून, पाणी वाढवून झाडांना घाला.

मी थालीपिठात घातला होता. थालीपीठ हिरवंगार, वास घासाचाच! मिरची-लसूण वाढवल्यावर कुठे घरच्यांनी खाल्लं. पण प्रोटीनबरोबर लोहही मिळतं.

फवारलेला घास अजिबात नको, धुतल्याने सगळं औषध जात नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, यात व्हिटॅमिन के भरपूर असतं. युरोपात २००९ साली लसूणघासाच्या अर्काला परवानगी मिळाली, तीही पूरक आहारात, दिवसाला १० ग्रॅमपर्यंतच. त्यामुळे चमचाभर पुरे.

आता मशीन. माझं मत, सध्या घेऊ नका. खायचा माल विकायचा तर एफएसएसएआयचे नियम आले, आणि "आम्हीच माल घेऊ" असं म्हणणारा लेखी देतो का ते आधी बघा. शिवाय चोथा जनावरं खातात, पण त्यातलं बरंच प्रोटीन तुम्ही काढून घेतलेलं असतं. दुभत्या गाईला नुसता चोथा टाकलात तर पेंड वाढवावी लागेल. तो खर्च व्हिडिओत कुणी सांगत नाही.

करून बघायचंय? बुधवारी सकाळी ९ वाजता संकलन केंद्रावर या. येताना २ किलो ताजा, न फवारलेला घास आणि एक स्वच्छ फडकं आणा.

– तुमचा कृषी सल्लागार