आभासी यंत्रामुळे यजमान संगणक मंदावणे

आभासी यंत्रामुळे यजमान संगणक मंदावणे ही एकाच संगणकावर दुसरी संचालन प्रणाली चालवताना वारंवार आढळणारी अडचण आहे. मूळ संगणकास यजमान, तर आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रणालीस पाहुणी प्रणाली म्हणतात. दोहोंमध्ये साधनांची वाटणी हायपरव्हायझर ही आज्ञावली करते. पाहुण्या प्रणालीस स्वतंत्र संगणकाचा भास होत असला, तरी प्रोसेसर, रॅम व डिस्क प्रत्यक्षात एकच असतात. त्यामुळे एकीला अधिक दिले की दुसरीला कमी पडते.

पार्श्वभूमी

आभासी यंत्राची कल्पना १९६० च्या दशकात आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर साकार झाली. १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे ती वैयक्तिक संगणकांवर रुळली. पुढे इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये आपल्या प्रोसेसरांत आभासीकरणास थेट साहाय्य देण्यास सुरुवात केली.

कारणे

रॅमचा तुटवडा हे सर्वांत सामान्य कारण आहे. ८ गीगाबाइट रॅमच्या संगणकावर आभासी यंत्रास ६ गीगाबाइट दिल्यास यजमानास जेमतेम २ गीगाबाइट उरते. मग यजमान प्रणाली रॅममधील मजकूर डिस्कवर हलवू लागते. डिस्क रॅमपेक्षा कित्येक पटींनी मंद असल्याने बहुतेक वेळ या ने-आणीतच जातो. या स्थितीस थ्रॅशिंग म्हणतात. अशा वेळी पाहुणी प्रणाली मंद वाटते म्हणून तिची रॅम आणखी वाढवल्यास अडचण बळावते.

प्रोसेसरचे सर्व गाभे आभासी यंत्रास दिल्यास यजमानाच्या कामांना ताटकळावे लागते. आभासीकरणाचे साहाय्य बायोसमध्ये बंद असल्यास काही आज्ञावली सुरूच होत नाहीत. क्यूईएमयूसारखी आज्ञावली मात्र प्रोसेसरचे अनुकरण करून काम भागवू शकते; ते अतिशय मंद असते. विंडोजवर हायपर-व्ही सक्रिय असल्यास व्हर्चुअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावे लागते व वेग घटू शकतो. नव्या आवृत्त्यांत अशा वेळी खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसते.

पाहुण्या प्रणालीची संपूर्ण डिस्क यजमानावर एका मोठ्या फाइलच्या रूपात असते. आत अद्ययावतीकरण चालू असताना बाहेर विषाणूरोधक आज्ञावली हीच फाइल तपासत असेल, तर डिस्कवर दुहेरी ताण पडतो.

निदान

तपासणी यजमानापासून सुरू करावी लागते, कारण पाहुण्या प्रणालीस यजमानाची स्थिती दिसत नाही. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये, तर लिनक्सवर ‘टॉप’ व ‘व्हीएमस्टॅट’ या आज्ञांनी आभासी यंत्र चालू आणि बंद असतानाचे आकडे ताडून पाहतात. रॅम जवळजवळ भरलेली व डिस्क सतत व्यग्र असल्यास रॅमचा तुटवडा संभवतो. रॅम मोकळी असून प्रोसेसर पूर्ण व्यापलेला असल्यास गाभ्यांची वाटणी तपासावी. दोन्ही मोकळी असून केवळ डिस्क व्यग्र असल्यास डिस्कच अपुरी पडत असते.

उपाय

आभासी यंत्रास साधारणतः निम्म्याहून अधिक रॅम व निम्म्याहून अधिक गाभे न देणे हा सुरक्षित प्रारंभ मानला जातो. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा, अन्यथा कोणत्या बदलाने फरक पडला हे कळत नाही. आभासी डिस्क एसएसडीवर ठेवल्याने आणि पाहुण्या प्रणालीत हलके डेस्कटॉप वापरल्याने ताण घटतो. ४ गीगाबाइट रॅमच्या संगणकावर मात्र केवळ वाटणी बदलून फारसे साधत नाही. रॅम वाढवणे किंवा दृश्य डेस्कटॉपविना पाहुणी प्रणाली चालवणे हेच पर्याय उरतात.

दक्षता

आभासी यंत्राच्या जुन्या स्थितीच्या नोंदी, म्हणजे स्नॅपशॉट, साठत गेल्यास यजमानाची डिस्क भरते. जागा मोकळी करण्यासाठी त्यांच्या फाइली थेट पुसू नयेत. नंतरच्या नोंदी आधीच्या फाइलींवर अवलंबून असल्याने एक दुवा तुटताच आभासी यंत्र सुरू होणे थांबू शकते व त्यातील काम गमावले जाऊ शकते. स्नॅपशॉट नेहमी हायपरव्हायझरच्या स्वतःच्या सोयीतूनच काढावेत आणि त्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवावी.