दयाळ, पेंग्विन आणि बुडबुड्यांची रेघ

बंगळूरच्या यशवंतपुरात आमच्या गच्चीवर सकाळी एक दयाळ येतो. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरंशुभ्र. कन्नडमध्ये त्याला मडिवाळ हक्की म्हणतात, म्हणजे परटाचा पक्षी. नुकत्याच धुऊन आणलेल्या धोतरासारखं ते पोट पाहिलं की नाव लगेच पटतं. मी त्याचे फोटो काढायला लागलो, तर कित्येक दिवस पोटाच्या जागी नुसता पांढरा डाग. एका पिसाची रेघ दिसेल तर शपथ. असं का होतं ते शोधत गेलो आणि थेट पेंग्विनपर्यंत पोचलो.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. गर्द पानांपुढे दयाळ बसला की मापक जास्त उजेड आत घेतो आणि पोट जळतं. बर्फावर बरोबर उलटं होतं. एवढं पांढरं पाहून तो उजेड आवरता घेतो, बर्फ राखेसारखा मळकट होतो आणि पेंग्विनची पाठ म्हणजे नुसता काळा खड्डा. म्हणून तिथे फोटो काढणारे उजेड मुद्दाम एक-दोन स्टॉपने वाढवतात आणि तरी पोटाची पिसं जळणार नाहीत याकडे डोळ्यात तेल घालून बघतात. गंमत अशी की पेंग्विनचं हे काळं-पांढरं मुळात लपण्यासाठीच आहे. वरून पाहिलं तर पाठ खोल पाण्याच्या अंधारात मिसळते, खालून पाहिलं तर पोट उजेडात विरतं. सीलला चकवणारा हा वेश कॅमेऱ्यालाही चकवतो.

छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग कॅप्टन स्कॉटच्या 1910-13 च्या मोहिमेत काचेच्या प्लेटा घेऊन अंटार्क्टिकावर गेला होता. फोकस जुळवताना ओठ ओले करायला गेला आणि जिभेचं टोक कॅमेऱ्याच्या धातूला लागलं. ते तिथल्या तिथे गोठून चिकटलं. हिसडा देऊन जीभ सोडवली, पण कातडी धातूवरच राहिली. त्याने काढलेले अडेली पेंग्विन पाहताना मला ती जीभ आठवल्यावाचून राहत नाही.

भारताची तिथली वाट गोव्यातून सुरू झाली. पहिल्या मोहिमेचं जहाज 6 डिसेंबर 1981 ला मुरगाव बंदरातून सुटलं आणि 9 जानेवारी 1982 ला माणसं बर्फावर उतरली. 1983-84 च्या तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. आता पर्यटकही जातात, पण नियम कडक आहेत. पेंग्विनपासून निदान 5 मीटर लांब राहायचं आणि वाटेत तो आला तर आपण थांबायचं. बर्ड फ्लूच्या धोक्यामुळे अलीकडे जमिनीवर बसायला किंवा आडवं व्हायलाही मनाई असते. पेंग्विनच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो हवा, तर आता उभ्या-उभ्या किंवा उकिडवं राहूनच काढायचा.

फोटो छापायला दिला की चांगला संपादक आधी मूळ फाइल मागतो, मग जागा आणि तारीख विचारतो. नवख्याला हा अविश्वास वाटतो. पण छापलेला फोटो पुढे कोण, कशासाठी वाचेल ते कुणालाच ठाऊक नसतं.

बुडबुड्यांचंच बघा. एम्परर पेंग्विन पाण्यातून बर्फावर उडी घेतो तेव्हा त्याच्यामागे बुडबुड्यांची पांढरी रेघ उमटते. बीबीसीच्या 2001 च्या ‘द ब्लू प्लॅनेट’ या मालिकेत ती लाखोंनी पाहिली. रॉजर ह्यूज आणि जॉन डेव्हनपोर्ट या जीवशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर तीच दृश्यं पुन्हा पुन्हा पाहिली, मोजली आणि 2011 मध्ये उलगडा छापला. पक्षी पृष्ठभागावर पिसं फुलवून हवा साठवतो आणि खोल जातो. तिथे दाबाने हवा आकसते. वर येताना ती फुगते आणि बारीक पिसांच्या जाळीतून असंख्य सूक्ष्म बुडबुडे होऊन निसटते. अंगाभोवती हवेचं अस्तर तयार होतं, पाण्याचा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. चढायला त्याच्याजवळ ना हात, ना नख्यांचे लांब पाय, आणि खाली बिबळ्या सील टपलेला. त्या एका उसळीवर त्याचा जीव असतो. पुढच्याच वर्षी पॉल निकलेनच्या याच बुडबुड्यांच्या फोटोला ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’चा पहिला मान मिळाला. मी तो फोटो मोठा करून बघतो तेव्हा प्रत्येक पक्ष्याच्या पोटाभोवतीची ती धुरकट साय दिसते, आणि ती साय म्हणजे हवा आहे हे कळल्यावर अंगावर काटा येतो.

आणि आता तर यशवंतपुरात बसूनही या कामात हात लावता येतो. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये ‘पेंग्विन वॉच’ सुरू केलं. वसाहतींसमोर रोवलेले कॅमेरे माणूस नसतानाही वर्षभर फोटो टिपत राहतात आणि जगभरची माणसं घरी बसून त्यांतले पक्षी मोजतात. पूर्ण वाढलेला पक्षी, पिल्लू, अंडं, एकेकावर खूण करायची. एकाच फोटोवर अनेकांच्या नजरा फिरतात म्हणून एकाची चूक दुसरा सावरतो.

काल रात्री स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती आणि माझ्यासमोर जेंटू पेंग्विनची वसाहत होती. खड्यांची घरटी, त्यांवर बसलेल्या माद्या की नर, सांगता येत नव्हतं. एकाच्या पोटाखाली काहीतरी करडं होतं. खडा म्हणावा तर कडा मऊ होत्या. मी फोटो मोठा केला. करड्यातून चोचीचं टोक बाहेर आलेलं होतं.

मी पिल्लाची खूण केली.