जीवशास्त्राची घरगुती परीक्षा

शाळेत पेशीची आकृती काढून तिच्या भागांना नावे देण्याचे काम आपण सर्वांनीच केले आहे. परीक्षा संपली, वही रद्दीत गेली आणि जीवशास्त्राशी असलेला आपला संबंधही बहुधा तेथेच संपला. खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. बाळाला जुलाब होतात, मुलाला सर्दी-ताप येतो, सुनेला दुसरी मुलगी होते. अशा प्रत्येक वेळी घरात जे बोलले आणि केले जाते, त्यामागे शरीराविषयीची काही ना काही समजूत असतेच. ती खरी आहे का, हे आपण क्वचितच तपासून पाहतो.

म्हणून वाचकहो, आज ही छोटी परीक्षा द्या. पुढील प्रत्येक विधानापुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ लिहा आणि शेजारी त्याचे कारणही लिहा.

1. मुलगा होणार की मुलगी, हे आईवर अवलंबून असते.
2. सर्दी लवकर बरी व्हावी म्हणून अँटिबायोटिक घ्यावे.
3. जुलाब होत असताना पाणी कमी द्यावे, म्हणजे ते थांबतात.
4. थकवा गेला की लोहाच्या गोळ्या बंद कराव्यात.
5. आईवडील दोघेही सिकलसेलचे वाहक असतील आणि पहिल्या अपत्याला हा आजार असेल, तर पुढील तीन अपत्यांना तो होत नाही.

लिहून झाले? आता उत्तरे पाहू. पाचही विधाने चूक आहेत.

पहिले विधान. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. लिंग ठरवणारी जोडी सामान्यतः स्त्रीमध्ये ‘एक्स-एक्स’, तर पुरुषामध्ये ‘एक्स-वाय’ अशी असते. स्त्रीबीजातून ‘एक्स’च मिळते; शुक्राणूतून ‘एक्स’ येईल किंवा ‘वाय’. अमेरिकन संशोधिका नेटी स्टीव्हन्स यांनी पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी तपासून 1905 साली हा उलगडा केला. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी ‘मुलीच होतात’ हा टोमणा आजही सुनेलाच ऐकावा लागतो. अर्थात यात पित्याचाही दोष नाही. कोणता शुक्राणू स्त्रीबीजापर्यंत पोहोचेल, हे कोणाच्याच हाती नसते.

दुसरे विधान. सर्दी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक औषधे जिवाणूंवर चालतात. पेनिसिलिनचेच पाहा: ते जिवाणूची पेशीभित्ती नीट बांधू देत नाही. विषाणूला अशी भित्तीच नसते, मग औषध काम करणार कोठे? उलट अनावश्यक औषधामुळे शरीरातील चिवट जिवाणू तेवढे टिकून वाढतात. पुढे न्यूमोनियासारख्या गंभीर आजारात तेच औषध निरुपयोगी ठरू शकते. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या मुलाला देण्यापूर्वी हे आठवावे.

तिसरे विधान. ही चूक जिवावर बेतणारी आहे. जुलाबात शरीरातील पाणी आणि क्षार वाहून जातात. पाणी कमी दिल्याने जुलाब थांबत नाहीत, केवळ शरीर सुकते. आपले आतडे मीठ आणि साखर यांतील घटक जोडीने शोषून घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत ओढले जाते. जलसंजीवनीचे सारे रहस्य एवढेच. 1971 साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच द्रावणाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. जलसंजीवनीचे पाकीट घरात नसेल, तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. अंगावरचे दूध बंद करू नये. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर मात्र तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

चौथे विधान. तांबडी रक्तपेशी सुमारे 120 दिवस जगते आणि नव्या पेशी घडवण्यासाठी लोह सतत लागते. हिमोग्लोबिन वाढले तरी शरीरातील लोहाचा साठा भरून निघण्यास आणखी काही महिने लागतात. म्हणून गोळ्या डॉक्टर सांगतील तितका काळ घ्याव्यात. जेवणाबरोबर चहा टाळावा, कारण तो लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास मात्र शोषणास मदत होते.

पाचवे विधान. नाणे मागचा कौल लक्षात ठेवत नाही, तसेच आनुवंशिकतेचे आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता 25 टक्केच असते. आधीच्या अपत्यामुळे ती घटत नाही आणि वाढतही नाही. वाहक बहुधा निरोगी दिसतात, त्यामुळे रक्ततपासणीशिवाय काहीच कळत नाही. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत, जेथे हा आजार अधिक आढळतो, तेथे विवाहापूर्वी पत्रिकेइतकेच महत्त्व या तपासणीला मिळायला हवे.

आता आपले गुण मोजा. परंतु केवळ ‘चूक’ लिहिले असेल तर अर्धाच गुण घ्या. उरलेला अर्धा कारणासाठी आहे. कारण ठाऊक नसेल, तर शेजारणीच्या किंवा दुकानदाराच्या ठाम सल्ल्यापुढे बरोबर उत्तरही डळमळते. आज रात्री जेवताना हेच पाच प्रश्न घरच्यांना विचारा. आजी चुकल्या तर हसू नका. त्यांना हे कोणी समजावून सांगितलेच नसेल. आणि नातवंडाला उत्तर येत असेल, तर ते आजींना त्यालाच समजावू द्या.